दोन वाजून दहा मिनिटांनी

"खोकला कोरडा की ओला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मितू माझ्या मांडीवर होती, पेशंटच्या खुर्चीत मी होते आणि प्रज्ञेश मागे दाराला टेकून उभा होता. तरी बाईंची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

"दिवसा कोरडा," प्रज्ञेश म्हणाला. "पहाटे चारनंतर ओला. तेव्हा पोटही उडतं जरा."

"दूध?"

"निम्मं पिते, दमते, सोडते. दहा मिनिटांनी उरलेलं घेते."

"शी?"

एवढं तरी मला सांगता येईल असं वाटून मी तोंड उघडलं. "काल..." म्हणाले आणि अडकले. काल मी दिवसभर बसवर ड्यूटीला होते.

"काल दोनदा. दुसऱ्यांदा चिकट होती," मागून उत्तर आलं.

बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "बाबा पास. आई, तुम्ही बसा हो निवांत. खुर्चीचं भाडं घेत नाही मी."

या बाई मूळच्या नारायण पेठेतल्या. दवाखाना विश्रांतवाडीत थाटला, पण येताना जीभ तेवढी बरोबर घेऊन आल्या. हाताला मात्र गुण आहे, म्हणून आमच्या भागातली सगळी लेकुरवाळी माणसं त्यांचं ऐकून घेतात. मीही हसले. तेवढ्यात मितूने मागे हात पसरले आणि प्रज्ञेशने तिला माझ्या मांडीवरून उचललं. माझ्याकडे तिचं दुपटं तेवढं राहिलं.

मितू म्हणजे संघमित्रा, आमची मुलगी, वय अकरा महिने. चौथ्या महिन्यात तिला सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि तेव्हापासून छाती काही धड मोकळी झाली नाही. आठ दिवस बरे, मग दहा दिवस घरघर. वाफ द्या, पाठ थोपटा, औषध पाजा. मोठी होईल तशी बरी होईल, असं बाई सांगतात. मोठी होईपर्यंत काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

पाळणाघराने खोकणाऱ्या मुलाला हात जोडले, तेव्हा आमच्यापैकी एकाने घरी बसायचं ठरलं. मी कंडक्टर, माझी नोकरी पर्मनंट. प्रज्ञेशची मोटारसायकलच्या शोरूममधली, आज आहे तर उद्या नाही. उत्तर सरळ होतं आणि ते मीच काढलं होतं. आता तो दिवसभर मितूला बघतो आणि संध्याकाळी पाच ते दहा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकतो. ते पाच तास मितू माझी. तोवर तिचं हसणं-खेळणं सगळं त्याच्यापाशी होऊन गेलेलं असतं. मला मिळते ती दमलेली, चिडचिडी, आतल्या दाराकडे बघत रडणारी मितू.

मला प्रज्ञेशचा हेवा वाटतो. सरळच सांगते. जावेचा, नणंदेचा हेवा वाटला असता तर कुणाजवळ बोलता तरी आलं असतं. नवऱ्याचा हेवा कुणाला सांगणार? दारू पीत नाही, हात उगारत नाही, पोरीची शी काढतो, वर मी पहिल्या पाळीला निघते तेव्हा डबा भरून देतो. अशा माणसाबद्दल तक्रार केली तर लोक माझंच डोकं तपासायला सांगतील.

माझी आई तर आत्ताच सांगते. लोणी काळभोरहून तिचा दर रविवारी फोन येतो.

"जावयाला लई तरास हाय गं," परवा म्हणाली. "पोरगी आजारी, वर त्येचं काम. तू जपत जा त्येला."

"आणि मला कोण जपणार?"

"तुला काय झालंय? तू तर बाहीरच असतीस."

आई चुकीचं बोलत नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

गेल्या महिन्यात एकदा प्रज्ञेश मितूला घेऊन माझ्याच बसमध्ये चढला. तपासणीला निघाला होता, आणि आलेली बस नेमकी माझी. बस गच्च. पण कडेवर बाळ घेतलेला बाप बघितल्याबरोबर दोन बायका उठल्या. एकीने पिशवी धरली, दुसरीने मितूचं टोपडं नीट केलं. "आईशिवाय सांभाळता? कमाल आहे हो तुमची!" मी दहा वर्षं या बसमध्ये बघते आहे. कडेवर पोर घेऊन रोज वीस बाया चढतात. त्यांच्यासाठी जागा करा, जागा करा, म्हणून मलाच ओरडावं लागतं.

मी मशीन घेऊन त्याच्यापर्यंत पोचले. मितूने माझ्याकडे बघितलं. खाकी कपडे, कपाळाला चिकटलेले केस, हातात टकटक करणारं मशीन. तिने ओठ काढले आणि प्रज्ञेशच्या शर्टात तोंड खुपसलं.

"कंडक्टरबाईंना घाबरलं गं बाळ," पिशवीवाली म्हणाली.

"अहो, आईच आहे ती तिची," प्रज्ञेश म्हणाला आणि अख्खी बस हसली. तोही हसला. त्यात वाईट काही नव्हतं. मी त्याचं तिकीट फाडलं, त्याच्या हातात दिलं आणि डबल बेल मारली.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट ठरवली होती. एकदा तरी मितूने माझ्या हातून औषध घ्यायचं. छाती मोकळी करणारं ते गुलाबी औषध कडू असावं, कारण मी पाजायला गेले की ती दात-ओठ आवळून धरते, मान फिरवते, आणि तोंडात गेलेलं माझ्या अंगावर फुर्रकन उडवते. प्रज्ञेशकडून मात्र मुकाट घेते. तो काहीतरी गुणगुणतो आणि गालाच्या आतल्या बाजूला सिरिंज लावतो. मी लपून बघितलं आहे. शिकव म्हणाले असते तर त्याने शिकवलं असतं. मी म्हणाले नाही.

मंगळवारी पहिली पाळी करून मी दोनच्या सुमाराला घरी आले. दार लोटलेलं होतं. प्रज्ञेश सतरंजीवर आडवा, तोंड उघडं, गाढ झोपलेला. रात्रभर त्याने मितूला खांद्यावर घेऊन काढली होती. मितू त्याच्या कुशीत जागी होती आणि त्याच्या शर्टाचं बटण चोखत होती. मला बघून रडली नाही. मी हात-पाय धुतले, कपडे बदलले आणि तिला उचललं, तरी रडली नाही.

फ्रिजवर औषधांचा कागद लावलेला असतो. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फळीवर बाटल्या ओळीने उभ्या होत्या, फक्त गुलाबी औषधाच्या बाटलीचं लेबल भिंतीकडे होतं. घाईत कशीही ठेवली असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, याच्याही हातून काही वेडंवाकडं होतं म्हणून. बाटली सरळ केली, अडीच एमएल भरलं आणि गालाच्या आतल्या बाजूला लावलं.

मितूने घेतलं. सगळं. थेंबभरही थुंकली नाही. वर ओठ चाटून माझ्याकडे बघितलं.

मला इतका आनंद झाला की मी प्रज्ञेशला उठवणार होते. मग ठरवलं, नको. उठल्यावर सहज सांगू, 'औषध ना? दिलं मी, घेतलं तिने,' अगदी रोजचंच असल्यासारखं. मितूला मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले आणि तो पाऊण तास माझा होता.

तीनच्या आत तिचे हात थरथरायला लागले. आधी वाटलं, खेळतेय. मग ती रडायला लागली, छातीला हात लावला तर आतली धडधड बोटांना लागत होती. रडण्याने प्रज्ञेश जागा झाला, त्याने तिला घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"असं कसं? दीड वाजता तर औषध दिलंय मी."

मी फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं. "दीडला?"

"झोप येत होती, म्हणून अर्धा तास आधीच दिलं." तो फाईल घ्यायला फळीपाशी गेला. बाटलीकडे बघून क्षणभर थांबला. मग फाईल काढली.

आम्ही रिक्षा केली. रस्ता पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांत मी किमान दहा वेळा तोंड उघडलं आणि मिटलं असेल. मितू त्याच्या खांद्यावर थरथरत होती आणि मी तिच्या पायातला मोजा धरून बसले होते. भीती मितूची वाटत होती, हे खरं. पण प्रज्ञेशला कळेल याचीही वाटत होती, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

डॉक्टरीणबाईंनी रांगेतल्या दोघांना थांबवून आम्हाला आत घेतलं. नळी छातीला लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, डोळ्यांत बघितलं.

"औषध किती दिलं?"

"अडीच. दीड वाजता," प्रज्ञेश म्हणाला.

"एकदाच?"

प्रज्ञेश मितूची पाठ थोपटत राहिला.

"मला तर दुप्पट गेलेलं दिसतंय. काय हो बाबा? तुम्ही तर आमचे पहिल्या नंबरचे विद्यार्थी. तुमच्याकडून असं?"

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला बरं वाटलं. माझी मुलगी समोर थरथरत होती, आणि बाई त्याला बोलल्या म्हणून मला आत कुठेतरी बरं वाटलं. एका श्वासापुरतंच, पण वाटलं.

प्रज्ञेशने माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे वळून म्हणाला, "झोप झाली नव्हती, मॅडम. अर्धवट झोपेत मीच परत दिलं असेन."

त्याला माहीत होतं. फळीपाशीच कळलं होतं त्याला. तो मला वाचवत होता, आणि मला त्याचा एवढा राग आला, एवढा राग आला, की बसमध्ये कुणी धक्का मारल्यावरही कधी आला नव्हता. पोरीची झोप याच्याकडे, भूक याच्याकडे, हसणं याच्याकडे. आता माझी चूकही हाच घेऊन चालला होता.

"नाही," मी म्हणाले. आवाज बसमधल्यासारखा मोठा निघाला. "मी दिलं. त्याने दिलेलं मला माहीत नव्हतं. मी दिलं."

बाईंनी चष्मा वर केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"किती वाजता?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"किती?"

"अडीच एमएल."

"थुंकली?"

"एक थेंबही नाही."

"थरथर कधी सुरू झाली?"

"तीनला पाच कमी होते. आधी डावा हात, मग दोन्ही. त्यानंतर रडायला लागली. उलटी नाही झाली. शू एकदा झाली, रिक्षात बसायच्या आधी."

बाई भराभर लिहीत होत्या. मागे कुणी बोललं नाही. सगळी उत्तरं मला येत होती.

"हे रिक्षातून उतरल्या उतरल्या सांगायचं असतं, आई," बाई पेन ठेवून म्हणाल्या. "औषध म्हणजे खाऊ नव्हे, ज्याला लाड येतील त्याने भरवायला. बसा बाहेर बाकावर. सहापर्यंत हलायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजायचे, मिनिटभर. बाबा नाही. तुम्ही मोजा."

मितू बाकावर प्रज्ञेशच्याच खांद्यावर झोपली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून, घड्याळाकडे बघत श्वास मोजले. प्रज्ञेशने कंपनीला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. पाचच्या सुमाराला आकडा खाली आला, हातही शांत झाले.

"दिलं की मी बाटली भिंतीकडे वळवतो," प्रज्ञेश हळू म्हणाला. "खूण म्हणून."

"मला कधी सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

दोघांचंही बरोबर होतं.

दोन दिवसांनी औषध परत सुरू झालं. गुरुवारी दुपारी घरी आले तेव्हा प्रज्ञेश नळावर मितूचे कपडे पिळत होता. तिथूनच ओरडला, "दोनचं राहिलंय, तू देतेस?" मी बाटली घेतली, अडीच भरलं, गालाच्या आतल्या बाजूला लावलं. गुणगुणलेसुद्धा. मितूने मान फिरवली आणि निम्मं माझ्या अंगावर उडवलं. माझ्या हातून तिने सगळं औषध घेतलं ते एकदाच, आणि नेमकं ते तिला द्यायलाच नको होतं.

मी तिची हनुवटी पुसली आणि बाटली फळीवर ठेवून तिचं लेबल भिंतीकडे केलं. प्रज्ञेश ओले हात झटकत आत आला. त्याने फळीकडे बघितलं आणि काही न विचारता कपडे वाळत घालायला गॅलरीत गेला.