सातव्या मिनिटापासून ऐका

इस्पितळातून फोन आला तेव्हा मिस्त्री दातांच्या डॉक्टरांच्या बेसिनखाली आडवे पडले होते. हात ओले, तोंडात टॉर्च. त्यामुळे फोन डॉक्टरांनीच उचलला. ऐकून घेतलं, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि पांढऱ्या कोटासकट ओल्या फरशीवर बसले. मिस्त्रींनी तोंडातला टॉर्च काढला.

"गेली?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"वॉशर बसवतो," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर गळत राहील."

त्यांनी वॉशर बसवला, नळ दोनदा उघडून बंद करून पाहिला आणि मगच निघाले. नातेवाइकांनी पुढे याला धीर म्हटलं. धीर कसला! त्यांना बेसिनखालून उठताच येत नव्हतं, एवढंच.

बायको तपासणीसाठी म्हणून दाखल झाली होती आणि तिसऱ्या दिवशी गेली. ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. तिला आयुष्यात एकच नाद होता: दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे, कुणीही न विचारलेले संगीतकार. ती त्यांना रोमँटिक काळातले म्हणायची. मिस्त्रींना लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं की त्यात प्रेमप्रकरणं असतील. तसं काही निघालं नाही. माणसं चाळीस-चाळीस मिनिटं नुसती हळहळत आणि मधेच नगारे बडवत.

"नावाजलेल्यांना माझी गरज नाही," ती म्हणायची. "यांना आहे."

दर महिन्याला ती अशी एक रेकॉर्ड निवडायची, तिच्यावर एक पान लिहायची आणि झेरॉक्स काढून एकतीस जणांना पोस्टाने पाठवायची. लोक ती रेकॉर्ड कुठून कुठून मिळवून ऐकायचे. दातांचे डॉक्टर त्या एकतिसांतलेच. त्यांच्याकडे दाढ काढायला आलेल्या माणसाला एखाद्या विसरलेल्या सिंफनीचं सगळं दुःख ऐकूनच खुर्चीत बसावं लागे.

या सगळ्यात मिस्त्रींचं काम एकच. रविवारी दुपारी जेवण झालं की समोरच्या खुर्चीत बसायचं आणि झोपून जायचं. बत्तीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं.

दोन आठवड्यांनी डॉक्टर घरी आले.

"मिस्त्री, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. ताईंच्या आठवणीत एक शेवटचं पान काढायचं आणि थांबायचं. रेकॉर्डी ग्रंथालयाला देऊन टाकू."

मिस्त्रींनी भिंतभर कपाटाकडे पाहिलं. तिचा चष्मा बंद झाला होता, चपला बंद झाल्या होत्या, सकाळी बाथरूममधलं तिचं खाकरणं बंद झालं होतं. चालू असलेली तिची एवढी एकच गोष्ट उरली होती.

"पान बंद होणार नाही," ते म्हणाले. "मी लिहितो."

"रागावू नका, पण तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण तिला कळत होतं ना? ती बाई फ्रीजमधल्या वाटीवरसुद्धा तारीख चिकटवायची. कुठंतरी लिहून ठेवलंच असणार."

"बरं, तीन महिने," डॉक्टर म्हणाले. "नाही जमलं तर थांबू."

आणि खरंच लिहून ठेवलेलं निघालं. प्रत्येक कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलने एक तारीख आणि तिच्यापुढे मिनिटं. ७ मि. ११ मि. ४ मि. मिस्त्री खूश झाले. पाईप कुठं फुटलाय ते भिंतीवर खडूने खूण करून दाखवावं, तशी ही खूण. चांगलं काय ते इथून सुरू होतं!

कव्हरवरचं नाव-गाव उतरवून त्यांनी पहिलं पान लिहिलं. "हा माणूस एका लहान गावात शाळामास्तर होता. याची ही एकच सिंफनी. सातव्या मिनिटापासून ऐका. आधीचं पाणी चढेपर्यंतचं आहे." खाली सही.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन.

"मिस्त्री! सातवं मिनिट! सगळी व्हायोलिनं गप्प होतात आणि एकटी बासरी उरते. वीस वर्षं असल्या सिंफनी ऐकतोय मी, असं काही कधी कानावर पडलं नाही. काय कान होता ताईंचा!"

"होताच," मिस्त्री म्हणाले. फोन ठेवला आणि पुढचं कव्हर काढायला कपाटाकडे गेले.

दुसऱ्या महिन्यात अकरावं मिनिट गेलं. एका निवृत्त न्यायाधीशांनी त्यावर चार पानं लिहून पाठवली. तिसऱ्या महिन्यात मिस्त्रींचं धाडस वाढलं. एका पियानोच्या रेकॉर्डवर नुसतं "२" होतं. त्यांनी लिहिलं, "दुसऱ्याच मिनिटाला आहे. चहा आधीच करून घ्या." डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या मिनिटाला ते रडले. दवाखान्यात, पेशंटचं तोंड उघडं असताना.

त्याच आठवड्यात मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, फाटक्या तोंडाची. टेबलावरची पानं चाळता चाळता ती हसायला लागली, हसता हसता ठसका लागला, मिस्त्रींना पाणी आणावं लागलं.

"भावोजी, ही मिनिटं कसली आहेत ठाऊक आहे का तुम्हाला?"

"चांगलं कुठून सुरू होतं त्याची."

"तुमचं घोरणं कुठून सुरू होतं त्याची! दर रविवारी फोन यायचा मला. 'आज नऊ मिनिटं टिकले गं.' 'आज चारच. रेकॉर्ड नको पाठवायला.'"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही होतात तिचं मोजायचं यंत्र. म्हणायची, शिकलेली माणसं काय, कशालाही माना डोलावतात. आठवडाभर पाईप वाकवून आलेला माणूस जितका वेळ जागा राहील तितकी रेकॉर्ड खरी. दहाच्या वर गेलात तरच ती पान लिहायची."

मिस्त्री खाली बसले. आपण बत्तीस वर्षं परीक्षक होतो आणि आपल्याला कुणी पत्ता लागू दिला नाही. त्यातून तिने नापास केलेल्या दोन रेकॉर्डी आपण एकतीस जणांच्या गळ्यात मारल्या.

"आणि एकदा तर तुम्ही शेवटपर्यंत जागे होतात," मेहुणी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "त्या दिवशी तिला फोनवर नीट बोलताच येईना. त्या रेकॉर्डवर तिने पान कधी लिहिलं नाही. म्हणाली, ही आमच्या घरातली."

दोघांनी मिळून कपाट उपसलं. खालून दुसऱ्या फळीवर ती सापडली. चार वाद्यांची रचना, कुण्या ऑर्गन वाजवणाऱ्याने लिहिलेली आणि त्याच्यामागे त्याच्या विधवेने छापून घेतलेली. कोपऱ्यात तारीख आणि पुढे, "४३ मि. शेवटपर्यंत."

मिस्त्रींनी तारीख वाचली आणि त्यांची जीभ आपोआप खालच्या डाव्या दाढेच्या रिकाम्या जागेकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ते कव्हर घेऊन डॉक्टरांकडे गेले. आधी मिनिटांचं खरं काय ते सांगून टाकलं.

"मग दुसऱ्या मिनिटाला मला जे ऐकू आलं ते काय होतं?"

"ते तुमचं तुम्हाला माहीत. माझा डोळा लागला होता." मिस्त्रींनी कव्हर पुढे केलं. "आता हे बघा. या तारखेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी दाढ काढलीत का?"

डॉक्टरांनी जुनं रजिस्टर काढलं. सोमवार, खालची डावी दाढ, आत पू झालेला.

"असल्या दाढेने झोप लागणं शक्यच नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "ताईंना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तिने रेकॉर्ड बंद केली असती. म्हणून गाल दाबून बसलो. संपल्यावर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, मला वाटलं, दुखतंय ते हिला कळलं." ते थांबले. "एक सूर आठवत नाही हो मला त्यातला. नुसता ठणका आठवतो."

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं.

"तीन महिने झाले," मिस्त्री म्हणाले. "आता पान बंद?"

"खरं काय ते लिहून पाठवा. मग बघू, किती जण राहतात."

मिस्त्रींनी सगळं लिहिलं. घोरणं, यंत्र, सगळं. चौघांनी यापुढे पान पाठवू नका म्हणून कळवलं. बाकीच्यांनी आपापल्या झोपेचे आकडे पाठवले. न्यायाधीश अकराव्या मिनिटाच्या त्याच रेकॉर्डवर साडेतीन मिनिटांत झोपले होते, आणि आधीची चार पानं परत मागत होते.

नवं पान आता टेबलावर आहे. ऑर्गनवाल्याचं नाव लिहून झालंय, वाजवणाऱ्यांची नावं लिहून झालीत, रेकॉर्ड कुठं मिळेल तेही. मिनिटांची जागा कोरी आहे. मिस्त्रींनी ती रेकॉर्ड दोनदा पुसून लावायला घेतली आणि दोनदा कव्हरमध्ये परत ठेवली. दाढ आता नाही. झोप लागली, तर कितव्या मिनिटाला लागली ते लिहायला घरात कुणी नाही. मेहुणी म्हणाली, मी घड्याळ घेऊन येऊन बसते. ते म्हणाले, बघू.

ती रेकॉर्ड त्यांची अजून ऐकायची राहिली आहे.