अठरा तारखेचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना हिरवा फळा आहे. माझी चौकट चेरीच्या लाकडाची आहे आणि खाली चार चाके आहेत. त्यांतले एक कुरकुरते, पण वयोमानाप्रमाणे तेवढे चालायचेच.

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातल्या एका सुताराने मला घडवले. तिथल्याच गावशाळेत मी एकतीस वर्षे उभा होतो. वर्गात आधी चाळीस मुले होती, मग बारा, मग दोन. ती दोघे पास होऊन गेली आणि शाळेला कुलूप लागले. पुढची चार वर्षे मी नुसता धूळ खात पडलो. खडूची धूळ वेगळी आणि बंद खोलीतली वेगळी. त्या चार वर्षांत मला खडूच्या धुळीची फार आठवण येई.

एके दिवशी योकोहामाची काही मंडळी मला मागून घेऊन गेली. त्यांचे एक जहाज होते. हजारभर माणसे त्यातून साडेतीन महिने जगभर फिरत, बंदरोबंदरी तिथल्या लोकांना भेटत आणि युद्ध कशाने पेटते, शांतता कशाने टिकते हे शिकत. भर समुद्रात प्रवासीच एकमेकांचे गुरुजी होत. ज्याला जे येते ते त्याने शिकवायचे आणि विषय, जागा, वेळ माझ्यावर त्या त्या तारखेच्या रकान्यात लिहायची, अशी तिथली रीत. ज्यांना ऐकायचे असेल ते खाली आपले नाव लिहीत, म्हणजे तेवढ्या खुर्च्या मांडता येत.

पहिल्याच वादळात मी चाकांवरून सुसाट निघालो आणि चहाच्या टेबलावर जाऊन आदळलो. तेव्हापासून मला खांबाला बांधून ठेवू लागले. डोंगरातल्या फळ्याला समुद्र समजायला वेळ लागणारच! पण माझ्यावर काय काय लिहिले गेले म्हणून सांगू! स्पॅनिशचे वर्ग, सुरीला धार लावणे, एका निर्वासित मुलीची हकीकत आणि घोरणाऱ्यांचे मंडळसुद्धा. त्या मंडळाला सर्वांत जास्त खुर्च्या लागल्या.

एका सफरीत कुराता इसोए नावाच्या बाई होत्या. वय पंच्याहत्तर, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. दर चार दिवसांनी त्या माझ्यापाशी येत, खडू उचलत, ‘माझी गल्ली – कुराता’ असे लिहीत आणि लगेच बाहीने पुसून टाकत. त्यांच्याच खोलीत किनुको-सान, म्हणजे किनुकोबाई, राहत. त्यांनी जन्मभर मासे विकले होते आणि त्यांची जीभ सुरीसारखी चाले.

“लिही तरी, नाहीतर बाही तरी मळवू नकोस,” त्या एकदा म्हणाल्या. “तुझे कपडे मला धुवावे लागतात!”

होनोलुलू मागे पडले. आता थेट योकोहामा. तेव्हा कुठे इसोए-सान यांनी अठरा तारखेच्या रकान्यात, दुपारी दोन वाजता, आपली गल्ली लिहिली आणि पुसली नाही. मला मोठा आनंद झाला. खाली भराभर नावे पडली. मोजली तर सव्वीस भरली.

सतराच्या दुपारी कर्ण्यावरून घोषणा झाली. आज रात्री जहाज तारीखरेषा ओलांडणार, पश्चिमेकडे जाताना एक तारीख गळते, म्हणून उद्या अठरा नव्हे, एकोणीस!

माझे रकाने आखणारी चिनात्सु धावत आली. सवयीने तिने अठराचाही रकाना आखून ठेवला होता. ती कमरेत वाकून पुन्हा पुन्हा माफी मागू लागली.

“अगं, असू दे,” इसोए-सान म्हणाल्या. “तारीखच नाही, त्याला तू तरी काय करणार?”

किनुको-सान त्यांच्याकडे बघत होत्या. चिनात्सु गेल्यावर त्या म्हणाल्या, “पस्तीस वर्षं भूगोल शिकवलास आणि तारीखरेषा माहीत नव्हती होय? मासा ताजा की शिळा, मी डोळ्यांवरून ओळखते. तू मुद्दाम निवडलीस ही तारीख.”

इसोए-सान खाली बसल्या. “अकरा घरं होती गं गल्लीत. युद्धात सगळी जळली. एकाचाही फोटो नाही. ती आठवणारी आता मी एकटीच. मी चुकीचं सांगितलं तर तेच खरं होऊन बसेल.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

रकाना पुसायला इसोए-सान यांनी फडके उचलले, पण हात सव्वीस नावांपाशी थांबला. “हजेरीतलं नाव मी कधी खोडलं नाही,” त्या पुटपुटल्या.

किनुको-सान यांनी त्यांच्या हातातून फडके ओढून घेतले आणि एकोणीसच्या रकान्यातला आपला ‘मासा चिरण्याचा वर्ग’ पुसून टाकला. “घे दोनची वेळ. मासा मेलेलाच आहे, त्याला कसली घाई!”

दुसऱ्या दिवशी मला दिवाणखान्यात नेले. इसोए-सान यांनी आधी उत्तरेची खूण काढली. मग नाला, तोफूवाल्याचे दुकान, उंच धुराड्याचे सार्वजनिक न्हाणीघर. तिसरीत असताना बाँबहल्ल्यांपासून वाचवायला त्यांना शाळेबरोबर डोंगरात पाठवले होते. युद्ध संपल्यावर परतल्या तेव्हा गल्ली नव्हती, आई नव्हती आणि धाकटा भाऊही नव्हता. “मुलांकडून साऱ्या जगाचे नकाशे काढून घेतले,” त्या म्हणाल्या, “आपल्या गल्लीचा मात्र काढला नाही.”

नवव्या घरापाशी खडू थांबला. खूप वेळ थांबला.

“हे घर मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी रिकामा चौकोन काढला आणि आत लिहिले, ‘इथे कुणीतरी राहत होते.’ त्या अक्षरांचा दाब मला अजून आठवतो. त्यानंतर हात हलका झाला आणि उरलेली दोन घरे भरभर उतरली.

“तास संपला,” असे म्हणून त्यांनी सवयीने फडके उचलले.

“थांबा!” सगळे एकदम ओरडले. सव्वीसही जणांनी वह्या काढल्या. बाई रांगांतून फिरू लागल्या. “नाला सरळ नाही, इथे वळवा. उत्तर कुठे आहे, किनुको-सान? उत्तर!” गेल्या तीन महिन्यांत त्यांचा असा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. सगळ्या वह्या तपासून झाल्यावर त्यांनी मला स्वतःच्या हाताने पुसले, आणि खरे सांगतो, मला मुळीच वाईट वाटले नाही.

आता जहाजावर चकचकीत डिजिटल पडदे आले आहेत. मी योकोहामाच्या एका गोदामात असतो. कधीतरी चिनात्सु येते आणि ओल्या फडक्याने माझी धूळ पुसते. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

मित्रांनो, फळा पुसण्यासाठीच असतो, तो खुशाल पुसा. पण पुसण्यापूर्वी एकदा वाचा आणि वहीत उतरवून घ्या. तुमच्या घरी कुणी म्हातारे माणूस असेल, तर त्याच्या हाती आज खडू द्या. त्याला जे आठवणार नाही, त्याचाही चौकोन काढा. त्या वर्षी आमच्या जहाजावर अठरा तारीख उगवलीच नाही, तरी तिच्या रकान्यातल्या सव्वीस नावांमुळे एक अख्खी गल्ली समुद्रातून घरी पोहोचली.