ऑल्डिनबाईंचा कोपरा

शुक्रवारी सकाळी डुकरांचे आणि मक्याचे भाव सांगून झाले की व्हर्लिन हार्म्स रेडिओवर उमेदवारांचे भाव सांगायचा. बेकर्स फोर्ड गावात त्या पंधरा मिनिटांसाठी माणसं गोठ्यातलं काम बाजूला ठेवत. निवडणुकीच्या हिवाळ्यात तर मोठमोठ्या शहरांतून आलेले वार्ताहरही कॅफेत त्याच्या शेजारची खुर्ची पकडायला धडपडत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, याचा पहिला कौल आयोवा राज्य देतं, आणि आयोवा काय देणार हे व्हर्लिनला आधी कळतं, अशी त्याची ख्याती. आजवर त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. हे तो स्वतःहून कधी सांगत नसे. समोरचा सांगू लागला तर त्याला अडवतही नसे.

त्याचं शास्त्र साधं होतं. अंगणात रोवलेल्या पाट्या तो हिशेबात धरायचा नाही. पाटी काय, जावईसुद्धा लावून जातो. उमेदवार बोलून गेल्यावर लोक किती वेळ रेंगाळतात, एवढंच तो बघायचा. गव्हर्नर प्रेंटिस शरद ऋतूत आले तेव्हा लोक फुकटची कॉफी पिऊन पांगले होते. जानेवारीत ते पुन्हा आले, आणि तेच लोक अंगात कोट चढवूनही दारात बोलत उभे राहिले, कुणाला घरी जायची घाई नव्हती. घोडं पुढे निघालं, हे व्हर्लिनने तिथेच ओळखलं. बाकीच्यांना ते कळायला आणखी दोन आठवडे लागले.

मतदानाआधीच्या शेवटच्या शुक्रवारी त्याने रेडिओवर सगळं स्वच्छ सांगून टाकलं. प्रेंटिस पहिले, तरुण महापौर लिंडेल दुसरे, बाकीचे नावापुरते. निवेदकाने विचारलं, मग सिनेटर रूथ ऑल्डिन यांचं काय? बाई लाखात एक आहेत, व्हर्लिन म्हणाला, पण आपल्या गावात त्यांचा गट टिकणार नाही, मोडणार.

त्या गटाची गावातली प्रमुख होती मार्लिस, व्हर्लिनची बायको.

दुपारी तो जेवायला घरी आला तो मान खाली घालूनच. मार्लिसने नेहमीसारखे हॅमच्या खिम्याचे गोळे वाढले आणि रस्त्यावर बर्फ कितपत आहे ते विचारलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. शेवटी त्यानेच विषय काढला.

"ऐकलंस ना सकाळी?"

"ऐकलं की. तुला तसं वाटतं, तर तसंच सांगायला हवं. माझ्यासाठी भाव चढवून सांगितलास, तर उद्या डुकरांच्या भावावरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

एवढं बोलून तिने बूट चढवले, कानटोपी घातली आणि ती दारं ठोठावायला निघाली. श्वास गोठेल अशी थंडी होती. व्हर्लिन खिडकीतून बघत राहिला. जन्मात कधी चर्चच्या सभेत तोंड न उघडणारी ही बाई आता रोज परक्यांच्या दारात उभी राहून मत मागत होती, आणि दार तोंडावर बंद झालं तर पुढच्या दाराकडे वळत होती. त्याला तिचा अभिमान वाटत होता आणि सकाळी रेडिओवर बोललेला प्रत्येक शब्द खराच होता, याचा राग येत होता.

ऑल्डिनबाई गावात आल्या होत्या सप्टेंबरात, ग्रंथालयात. मूठभर लोक, त्यातले निम्मे डुकरं पाळणारे. कुणीतरी विहिरीच्या पाण्याचा प्रश्न काढला. दुसरा कुणी असता तर गोड बोलून निसटला असता. बाईंनी सांगितलं की तुमच्याच गोठ्यांची घाण तुमच्या विहिरीत उतरते आहे, आणि ती थांबवायची तर पदरचे पैसे तुम्हालाही मोजावे लागतील. लोकांची तोंडं वाकडी झाली. मागे कॉफीचे कप धूत असलेल्या मार्लिसने मात्र त्याच क्षणी आपलं मत ठरवलं. मत मागायला आलेलं माणूस तोंडावर खरं बोलतं, हे आपण पहिल्यांदाच पाहिलं, असं ती घरी येऊन म्हणाली होती.

आयोवात या कामाला मतपेटी नसते. संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात, सगळ्या गावासमोर उभं राहायचं. हजर माणसांच्या ठरावीक हिश्शाहून गट लहान पडला की तो मोडतो. मोडण्याआधी अर्धा तास मिळतो. तेवढ्यात बाकीच्यांतून माणसं ओढून आणा, नाहीतर दुसऱ्याच्या कोपऱ्यात जा. शेवटी टिकलेल्या गटांत गावाच्या वाट्याचे मोजके प्रतिनिधी वाटले जातात, ते पक्षाच्या पुढच्या सभेत मत देतात. व्हर्लिन दरवेळी दारात इतरांसारखी सही करायचा, पण कुठल्याच कोपऱ्यात जायचा नाही. शर्यतीचा भाव सांगणाऱ्याने स्वतः पैज लावू नये, हा त्याचा आयुष्यभराचा नेम होता. तो माइक घेऊन लाकडी पायऱ्यांवर बसायचा आणि गावाला घरबसल्या हाल सांगायचा.

या वेळी तो बसला तोही मार्लिसच्या कोपऱ्याच्या अगदी वर. खाली कुस्तीच्या गुंडाळलेल्या गाद्यांपाशी तिची माणसं उभी होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली प्रेंटिस यांचा गट मावत नव्हता. पलीकडे लिंडेल यांची तरुण पोरं टाळ्या वाजवत होती. पहिली मोजणी झाली. ऑल्डिनबाईंना चार माणसं कमी पडली.

अर्धा तास सुरू झाला आणि प्रेंटिस यांचा गावातला माणूस, बियाणं विकणारा ड्वेन स्टॉफर, रमतगमत मार्लिसकडे आला.

"मार्लिस, माझ्याकडे गर्दी झालीये. पाच जण तुझ्याकडे पाठवतो. तुझा गट जगेल, तुझ्या बाईंच्या पदरात एक प्रतिनिधी पडेल."

"आणि तुझ्या पदरात?"

"लिंडेलचा एक कमी होईल." ड्वेनने निदान लपवाछपवी केली नाही.

ही खेळी व्हर्लिनला पाठ होती. नियमात बसणारी होती, गावोगाव चालायची. तिने हो म्हटलं की त्याचा अंदाज पहिल्यांदा चुकणार होता, तोही सगळा तालुका ऐकत असताना. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की तिने हो म्हणावं असंच त्याला मनापासून वाटतंय. खालचं बोलणं रेडिओवर जाऊ नये म्हणून त्याने माइकवर हात ठेवला.

"ही पाच माणसं ऑल्डिनबाईंसाठी येतील का?" मार्लिसने विचारलं.

"ती मी सांगेन तिथे उभी राहतील."

"मग नकोत. उसन्या माणसांवर गट उभा करायचा, तर बाईंनी खरं बोलून काय मिळवलं?"

ड्वेन हसला. "वेडी आहेस तू. नवऱ्याला खोटं पाडायची अशी संधी पुन्हा येणार नाही."

"तो बरोबरच बोलला, ड्वेन. लबाडी करून मी त्याला खोटं पाडणार नाही."

ड्वेन मान हलवत परत गेला. मार्लिस वळली आणि साऱ्या जिमकडे तोंड करून उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला. तुमच्या विहिरीत काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, ती म्हणाली, आणि ते तुम्हाला तोंडावर सांगणारी ही एकच बाई आहे. ज्याला पटत असेल त्याने इकडे यावं. लिंडेल यांच्या पोरांनी टाळ्या थांबवल्या. माणसं ऐकत होती, काहींनी नजर खाली घातली. आलं कुणीच नाही.

वेळ संपत आली तशी ती आपल्या माणसांकडे वळली. तुम्ही पुष्कळ केलंत, आता तुमचं मत वाया घालवू नका, जिथे मोजलं जाईल तिथे जा, असं तिने एकेकाला हात हातात घेऊन सांगितलं. ती माणसं जड पावलांनी गेली. तिला मात्र कुठेही जायचं नव्हतं. गाद्यांना पाठ टेकून, स्वेटरवर हाताची घडी घालून ती एकटीच उभी राहिली.

व्हर्लिनने माइक तोंडाशी धरला. ऑल्डिनबाईंचा गट मोडला, त्याने गावाला सांगितलं, माझा अंदाज बरोबर ठरला. मग तो म्हणाला की यापुढचं मला सांगता येणार नाही, कारण मी खाली जातोय.

तो पायऱ्या उतरू लागला. वार्ताहर माना उंचावून बघत होते. उद्यापासून आपण सांगितलेल्या भावाकडे कुणी तटस्थ माणसाचा भाव म्हणून बघणार नाही, हे त्याला पुरतं कळत होतं. तो सरळ गाद्यांपाशी गेला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला.

मोजणी करणाऱ्या बाई गोंधळल्या. "व्हर्लिन, हा गट आता धरला जाणार नाही."

"ठाऊक आहे. मीच सांगितलं होतं."

मार्लिसने त्याच्याकडे बघितलं नाही. "बाई हरणार हे सगळ्यांत आधी तुला कळलं," ती हळूच म्हणाली, "आणि आलास सगळ्यांत शेवटी."

"हो," व्हर्लिन म्हणाला.

ती जराशी सरकली आणि तिने त्यालाही गाद्यांना पाठ टेकायला जागा करून दिली. पलीकडे आकडे वाचायला सुरुवात झाली. ऑल्डिन यांच्या नावापुढे शून्य वाचलं गेलं तेव्हा दोघे तिथेच उभे होते.