मास्तरीणबाई बोलल्या

सुनेनं मास्तरीणबाईंच्या खांद्यावर टकटक केलं, आपलं तोंड खिडकीच्या उजेडात धरलं आणि मगच विचारलं, “आई, घरात कुणाला काही होतं का? साखर, रक्तदाब, जन्मापासूनचं काही? दवाखान्यातल्या बाई फोनवर म्हणाल्या, पहिल्या तपासणीला येताना दोन्हीकडचं विचारून या.”

मास्तरीणबाई पिशवी भरत होत्या. केळी, बिस्किटं, पाण्याच्या दोन बाटल्या, नॅपकिन, शाल, आणि एकीला थंडी वाजली तर दुसरीचं काय, म्हणून आणखी एक शाल.

“ह्यांना शेवटी शेवटी साखर होती,” त्या म्हणाल्या. “आणि माझे कान. बास.”

“कान जन्मापासूनचे कुठे? ते गिरणीतल्या मागांनी खाल्ले.”

“मग काही नाही.” आणि त्यांनी मान खाली घालून तिसरी शाल पिशवीत कोंबली.

“आई, आपण दवाखान्यात चाललोय. मुक्कामाला नाही.”

पण मास्तरीणबाईंचं लक्ष ओठांकडे नव्हतं, त्यामुळे टोमणा वाया गेला.

त्यांनी शाळा पाहिली ती चौथीपर्यंत. ‘मास्तरीण’ हे नाव कापड गिरणीतल्या बायकांनी ठेवलेलं. शेकडो मागांच्या त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून बायका नुसत्या ओठांनी बोलत, या टोकाहून त्या टोकापर्यंत, नवऱ्यांच्या तक्रारींपासून सुपरवायझरच्या टकलापर्यंत सगळं. नवी मुलगी कामावर आली की तिला ही भाषा शिकवायचं काम यांच्याकडे. निवृत्त होईपर्यंत कान पार गेले, पण समोरच्याचे ओठ दिसले की यांचं काही अडत नसे. पोटच्या मुलाला ही भाषा कधी धड जमली नाही. तो बोलताना मिशा चावतो. सून मात्र सहा महिन्यांत तयार झाली, आणि त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी झाली. मुलगा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर असला की घरात या दोघीच. आजही दोघीच निघाल्या होत्या.

निघताना सुनेनं दोनदा कपडे बदलले. सैल हवेत, पण गबाळे नकोत. लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं, आणि गेल्या पंधरवड्यापासून ती जिना उतरतानासुद्धा कठडा धरून उतरत होती. ती आरशासमोर उभी राहून हसली, आणि ते हसू बघून मास्तरीणबाई पुन्हा पिशवीकडे वळल्या. कारण ‘मग काही नाही’ हे धडधडीत खोटं होतं.

त्यांना पहिली मुलगी झाली होती. दीड दिवस जगली. हृदय नीट तयार झालं नव्हतं, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, आता तो विषय नको, पुढचं बघा. मन रमावं म्हणून त्यांना गिरणीत कामाला लावलं, आणि तिथल्या आवाजात कुणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षांनी मुलगा झाला. सगळे त्याला एकुलता एक म्हणू लागले. ते आपल्यालाही खरंच वाटू लागलं आहे का, हे मास्तरीणबाईंनाही कधी कळलं नाही. मुलाला तर यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

आता सांगावं तर या पोरीच्या आनंदात विरजण. न सांगावं, आणि पुढे काही निघालं, तर? रस्ताभर त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली. सून दोनदा म्हणाली, द्या इकडे. त्यांनी दिली नाही.

दवाखाना माणसांनी भरला होता. भिंतीकडच्या एका खुर्चीवरून कुणीतरी उठून सुनेला जागा दिली. मास्तरीणबाई समोरच्या बाकावर, एका पेपरवाल्या गृहस्थाच्या शेजारी टेकल्या. मधे आठ-दहा पावलांचं अंतर. दोघींना त्याचं काय होतं?

सुनेनं ओठ हलवले. आवाज काढला नाही. “अजून काही आठवलं तर आत्ताच सांगा हं. आत गेल्यावर घाई होईल.”

मास्तरीणबाईंनी मान डोलावली. मग तिचे हात दिसले. एक हात पोटावर होता आणि दुसऱ्यानं तिनं त्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं. आपण न बोलण्यानं हिला सांभाळत नाही आहोत, एकटी टाकतो आहोत, हे त्यांना एकदम लख्ख दिसलं. गिरणीच्या शेडमध्ये बोलायच्या तसं त्यांनी तोंड वर केलं आणि ओठ हलवले.

“माझी पहिली मुलगी होती. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. दीड दिवसात गेली. हृदय नीट झालं नव्हतं म्हणाले. मी कुणाला कधी सांगितलं नाही. सकाळी तू विचारलंस, तेव्हाही खोटं बोलले.”

शेजारचा पेपर खाली आला. नावं नोंदवायच्या खिडकीमागच्या बाईचं पेन थांबलं. कोपऱ्यात रडणाऱ्या मुलाची आई त्याला थोपटायची थांबली होती. सगळा दवाखाना त्यांच्याकडे बघत होता.

मागांच्या खडखडाटात ओठांबरोबर आवाज निघाला काय, न निघाला काय, फरक पडत नसे. इथे तो निघाला होता. आणि मास्तरीणबाईंचा आवाज हळू कधीच नव्हता.

सून उठून आली. पेपरवाले गृहस्थ न सांगता सरकले. ती त्यांच्याकडे तोंड करून बसली.

“मोठ्यानं बोलले का गं मी?”

“बाहेर गाड्या लावणाऱ्या माणसानंही ऐकलं असेल.”

मास्तरीणबाईंनी पदरानं तोंड झाकलं. सुनेनं तो हळूच बाजूला केला.

“रागावलीस?”

“थोडी. मी विचारत होते, आणि तुम्ही शाली भरत बसलात.”

“तू घाबरशील म्हणून.”

“घाबरलेच आहे मी, आई. गेले पंधरा दिवस घाबरलेच आहे. आता निदान डॉक्टरांना काय विचारायचं ते तरी कळलं.” मग तिनं विचारलं, “कशी होती दिसायला?”

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कोण?

“केस होते भरपूर,” त्या म्हणाल्या. आता खरंच हळू बोलायचा प्रयत्न करत होत्या. “काळेभोर. कपाळावर येत होते. आणि रडायची ना, तर आवाज अगदी बारीक. मला तेव्हा ऐकू यायचं.”

सुनेनं त्यांचा हात घेतला. तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईतल्या, पण हसऱ्या. त्यांनी आधी सुनेला झोपवून यंत्र लावलं आणि पडदा दोघींच्या बाजूला वळवला. करड्या धुक्यात एक तांदळाएवढा ठिपका लुकलुकत होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. “हे हृदय. बघा, छान चाललंय.” यात ऐकण्यासारखं काही नव्हतं, सगळं बघण्याचंच होतं, आणि मास्तरीणबाईंनी ते डोळे फाडून बघितलं. सून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं.

मग तिघी टेबलाशी बसल्या. डॉक्टरीणबाई भराभर विचारू लागल्या. सून उत्तरं देत होती. मास्तरीणबाई एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांवर नजर नेत होत्या.

“मिस्टरांना भावंडं?”

याचं उत्तर सगळं जग एका शब्दात देत आलं होतं. मास्तरीणबाईही देत आल्या होत्या.

“एक बहीण होती,” सून म्हणाली. “मोठी. जन्मानंतर दीड दिवसात गेली. हृदयाचं काहीतरी होतं.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “सांगितलंत ते बरं केलंत. घाबरायचं नाही, बहुतेक वेळा सगळं नीटच असतं. पण पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी करून घेऊ, म्हणजे शंका नको. नेमकं काय झालं होतं, माहीत आहे?”

“मला नाही. आईंना विचारा. त्यांच्याकडे बघून बोलाल का? त्यांना ओठ दिसावे लागतात.”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची वळवली. घाई बाजूला ठेवून, एकेक शब्द स्पष्ट उच्चारत त्यांनी विचारलं, “तुमच्या मुलीबद्दल सांगा.”

मास्तरीणबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. पदर सारखा केला, ताठ बसल्या आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागल्या.