माहेरचा खंड, सासरचा खंड

देशातल्या थोरामोठ्यांचा चरित्रकोश काढणं हे आमच्या कचेरीचं काम, आणि त्यात नियम एकच पक्का: माणूस गेल्याशिवाय नोंद नाही. जिवंत माणसाचा काय भरवसा? आज सत्कार, उद्या अटक. कोशाचे खंड आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे निघतात. ‘क’चा खंड महिनाअखेरीस छपाईला जाणार होता आणि माझी मावशी नेमकी ‘क’ची.

मावशी म्हणजे सामुद्रधुनी पोहून जाणारी देशातली पहिली बाई. आई गेल्यावर मला वाढवलं तिनंच. वय नव्वदीच्या घरात, दात स्वतःचे, रोज सकाळी तलावात. म्हणजे नोंदीला सर्वस्वी अपात्र.

तेही तिनं हसण्यावारी नेलं असतं. पण तिची हाडवैरीण, तीही पोहणारी आणि तीही ‘क’चीच, हिवाळ्यात गेली आणि कोशात जाऊन बसली. मावशीनं माझ्या पिशवीतून मुद्रितं काढून वाचली.

“हिला अख्खा रकाना? पहिल्या खेपेला निम्म्या वाटेत होडीत चढली होती ही!”

“ते लिहिलंय.”

“आणि मी?”

“तू जिवंत आहेस, मावशी.”

“हो ना, तिथंच तर घोडं अडलंय. पुढची आवृत्ती कधी?”

पुढची आवृत्ती काढायला मीसुद्धा नसणार.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तलावावर जाणं सोडलं. गोळ्या बशीत तशाच. “आटोपतं घेते,” म्हणाली, “महिनाअखेरीला अजून वेळ आहे.” आधी मी हसले. मग भरलेलं ताट तसंच परत आलं. खड्ड्यात गेला तो कोश! मला माझी मावशी हवी होती.

मुख्य संपादकांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. “अपवाद नाही,” ते म्हणाले. “फार तर आडनाव बदला. बायकांची नोंद माहेरच्या किंवा सासरच्या, त्या सांगतील त्या आडनावाखाली घेतो आपण.”

म्हणजे आगीतून फुफाट्यात! मावशीचे यजमान, आमचे काका, बिचारे जन्मभर मागे लागले होते, “निदान दारावरच्या पाटीवर तरी माझं आडनाव लाव.” ही म्हणायची, “पोहले मी, नाव तुमचं का?” ते गेले तरी पाटीवर दोघांची आडनावं वेगळीच.

तरी जीव मुठीत धरून मी विचारलं. काकांचं आडनाव ‘ह’चं.

“‘ह’चा खंड कधी?” मावशी म्हणाली.

“सगळ्यात शेवटी. आमचा कारभार बघता दहा-बारा वर्षं तरी कुठं गेली नाहीत.”

ती उठून भिंतीवरच्या काकांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. डोळे भरून आले होते, पण तोंड कसलं ऐकतंय.

“जिंकलात हो शेवटी,” ती फोटोला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “लाव त्यांचं आडनाव. आणि तुझ्या त्या संपादकांना सांग, सावकाश होऊ द्या, घाई नाही. माझा टॉवेल कुठाय?”