माफीचं भाषांतर

कोर्टात दुभाषी न्यायाधीशाच्या उजव्या हाताला, आरोपीच्या पिंजऱ्यापासून दोन पावलांवर उभा राहायचा. न्यायाधीश समुद्रापलीकडून आलेला. सोळा वर्षं इथे काढूनही त्याला इथल्या भाषेतले चारच शब्द येत होते, त्यातल्या दोन शिव्या.

वर्षाच्या सुरुवातीला खटले असायचे बकरीचोरीचे, बांधावरच्या हाणामारीचे. मग पत्रकं निघाली, कचेरीवरचा झेंडा कुणीतरी उतरवला आणि पिंजऱ्यात उभं राहायला जागा पुरेना. ‘हे कोर्ट मी मानत नाही’ एवढं म्हटलं की सहा महिने सक्तमजुरी. दुभाष्याला ते बघवेना. एक भाजीवाली कडाडली, “तुमचं राज्य बुडणार, लिहून घ्या!” दुभाष्याच्या तोंडून निघून गेलं, “तिला पश्चात्ताप होतोय. ती माफी मागते.” न्यायाधीशाने ‘माफी मागितली’ असं नोंदवून तिला ताकीद देऊन सोडलं.

मग ते अंगवळणीच पडलं. उन्हाळा संपेपर्यंत असे अकरा जण सुटले. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण जिवाला चैन नव्हतं. घास हातातच राहायचा. दारावर थाप पडली की तो मागच्या दाराकडे वळायचा.

“बसा की जरा!” बायको म्हणायची. “पायाला भिंगरी लागल्यासारखे काय फिरताय?”

त्यातच तिचा धाकटा भाऊ पकडला गेला. तो शाळामास्तर. राज्यकर्त्यांचीच भाषा त्याने नऊ वर्षं शिकवली होती, पण कोर्टात ती बोलायची नाही असं ठरवून आला होता.

“माझ्या देशात मला शिक्षा करणारे तुम्ही कोण?” त्याने विचारलं.

दुभाषी खाकरला. “आरोपी म्हणतो, त्याची चूक झाली. तो क्षमा...”

“दाजी!” मास्तर ओरडला. “मी असं म्हणालो नाही.”

न्यायाधीशाने पेन खाली ठेवलं. “काय म्हणाला तो?”

दुभाष्याने मेहुण्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, राग होता.

“तो म्हणतो, मी त्याचं बोलणं बदललं,” दुभाषी म्हणाला. “खरं आहे. मी बरेच महिने हेच करतोय.” एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता आलं नाही. मास्तरचा प्रश्नही त्याने शब्दन् शब्द सांगितला. फक्त सुटलेल्यांची नावं सांगायला त्याने नकार दिला.

मास्तरला दोन वर्षांची शिक्षा झाली, दुभाष्याला तीन महिन्यांची.

दुभाषी सुटून घरी आला त्याच दिवशी भाजीवाली दारात हजर.

“मला वाचव म्हणून तुला सांगितलं होतं कुणी?” ती कडाडली. “मला आख्खा बाजार ‘माफीवाली’ म्हणतो. माझी सख्खी लेक बोलत नाही माझ्याशी. आणि मला कळेना, मी केलं तरी काय!”

दुभाष्याला हे कधी सुचलंच नव्हतं. तो उंबऱ्यावरच बसला.

बायकोने त्याच्या चपला पुढे सरकवल्या. “उठा. मीही येते.”

भर बाजारात उभं राहून त्याने सांगितलं, “या बाई काय बोलल्या ते मी ऐकलंय. माफी त्यांनी मागितली नव्हती, मी मागितली.” शिपाई कोपऱ्यावरून बघत होता. कुणी हसलं, कुणी थुंकलं. भाजीवालीची लेक मात्र गर्दीतून पुढे आली आणि आईची टोपली उचलून चालू लागली.

उरलेल्या दहा जणांच्या दारीही तो गेला. दोघांनी त्याचे हात धरले. एकाने दार उघडलंच नाही.

वर्ष सरताना परक्यांनी निघून जायचं जाहीर केलं आणि तुरुंग रिकामे झाले. मास्तर बहिणीच्या घरी आला तो पाय सुजलेला, केस पांढरे झालेला. चार दिवस तो दाजीशी बोलला नाही. एका जागी त्याला बसवतही नव्हतं; अंगणात गेला की आत यायचा, आत आला की बाहेर.

पाचव्या दिवशी दुभाष्याने विचारलं, “अजून राग आहे?”

“आहे,” मास्तर म्हणाला. थोड्या वेळाने चपला घालून दारात थांबला. “चक्कर मारायला जातोय. येताय?”

दुभाषी निघाला.