नव्या रिळावरचा जुना दोरा

आमच्या घरातल्या कुठल्याही डब्यावरच्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. बिस्किटांच्या डब्यात बटणं, चहाच्या डब्यात चेनी, शाम्पूच्या बाटलीत मशीनचं तेल. नवखा पाहुणा बिस्कीट म्हणून हात घालतो आणि बटणांची मूठ घेऊन बसतो बिचारा. हसा, खुशाल हसा. गल्लीने मला 'चिंधीमावशी' नाव पाडलं तेव्हा मीही हसले होते. चिंधीला चिंधी म्हणायला काय अक्कल लागते? तिच्यातून सदरा काढायला लागते.

बाहेरच्या खोलीत माझं मशीन आहे. लोकांचे कपडे उसवणं, आत घेणं, सैल करणं, झिजलेली कॉलर उलटवून लावणं, हा माझा धंदा. आमचे हे शाळेची बस चालवतात. हात एवढा सैल की भंगारवाल्याकडे पेपर द्यायला जातील आणि पंखा घेऊन येतील, तोही बंद. पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे, जी माझ्याकडे नाही. 'आमच्याकडे नाही, द्या' हे ते हसत हसत कुणालाही म्हणतात. माझी तिथे दातखीळ बसते. मला कुणी काही विचारलं की तोंडातून एकच निघतं, "आहे की!" छत्री? आहे की, एक काडी मोडलीय. पलंगावर चादर? आहे की, दोन जोडून केलेली. पाहुण्यांसमोर तर मी ते जरा मोठ्यानेच म्हणते.

लेक एकोणीस वर्षांची. ती माझ्यासारखी हट्टी आणि बापासारखी तोंडाळ, म्हणजे आमच्या दोघांचं वाईट तिने मन लावून उचललंय. पण तिची टीप बघावी! गेल्या महिन्यात शर्टांच्या कारखान्यात नमुने शिवणाऱ्या विभागात एक जागा निघाली. अट एकच. स्वतःच्या हाताने पूर्ण शिवलेला शर्ट घेऊन या. लेकीला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, ती झोपेतही त्या कारखान्याच्या मशीनांबद्दल बडबडायची. आणि ती हुकली तर यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे लेकीच्या आत्याने, तिला आपल्या तयार कपड्यांच्या दुकानात उभं करायचं ठरवूनच ठेवलं होतं. दिवसभर घड्या घालायच्या आणि "बघा ना, छान आहे" म्हणायचं. लेक म्हणायची, त्यापेक्षा मी बाबांची बस धुवेन.

कापड मी दिलं. एका लॉजने काढून टाकलेल्या चादरी मी आणल्या होत्या, दणकट सुती. कडेची विरलेली बाजू सोडून लेकीने मधून शर्ट कापला. चार दिवस खपली. शर्ट असा उतरला की मी तो हातात धरून उगाचच खोलीत फिरत होते.

आणि शर्ट दाखवायला गेली त्या सोमवारी दुपारी पोरगी दारात उभी. एका हातात शर्ट, दुसऱ्या हातात त्याची बाही.

"कारखान्यातल्या मास्तरांनी मुंढ्यात, बाही जोडतात त्या शिवणीत, दोन्ही अंगठे घातले आणि ओढलं," ती म्हणाली. "सगळ्यांचे शर्ट तसेच बघत होते. माझी बाही त्यांच्या हातात आली. सगळ्या मुली हसल्या, आई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्याने रेड्यासारखं ओढलं असेल!"

"नाही. सगळ्यांचं तेवढंच ओढलं." तिने मशीनवरचं रीळ काढून माझ्यासमोर धरलं. "हे कुठलं रीळ आहे?"

मी ते हातात घेऊन फिरवलं. पांढरं, गच्च भरलेलं, वर गोल कागद, त्यावर छापलेलं 'अस्सल मजबूत'. आतला दोरा मात्र मी जुन्या कपड्यांमधून उसवून काढलेला. तो मी कच्चे टाके घालायला ठेवते. रिकामं रीळ टाकवत नाही म्हणून त्यावर गुंडाळते. इतका नीट गुंडाळते, मशीन लावून, की कारखान्यातून आल्यासारखा दिसतो. आणि तो गोल कागद? तोसुद्धा मीच खळ लावून परत चिकटवते.

"डबे खोटे असतात हे मला माहीत आहे," लेक म्हणाली. "पण रिळाचा कागदसुद्धा? कशासाठी, आई?"

आता काय सांगणार? गिऱ्हाईक आलं की डबा उघडल्यावर भरलेला दिसावा म्हणून. बाईकडे काही कमी नाही, असं वाटावं म्हणून. इतकी वर्षं मी त्याला काटकसर म्हणत होते. काटकसर कसली! दोरा नव्हता तो, तोरा होता माझा.

पण हे तेव्हा तोंडातून निघालं नाही. तेव्हा मी म्हणाले, "तू विचारायचं होतंस."

"या घरात विचारून काय मिळतं? 'आहे की!'"

नेमक्या त्याच वेळी ताई आल्या, तिची आत्या. निकाल ऐकायलाच आल्या असणार. बाही बघितली आणि खुर्चीत बसल्या. "मी म्हणतच होते. चादरीचा शर्ट घेऊन कुणी नोकरी मागायला जातं का? मास्तर काय म्हणाला?"

"उद्या सकाळी दहापर्यंत दुसरा आणलास तर बघतो म्हणाले."

"मग झालं तर! माझ्या दुकानातला पांढरा शर्ट देते. आतला शिक्का काढायचा, आपण शिवला म्हणून सांगायचं. कोण विचारतंय?"

हे बसची फेरी संपवून नुकतेच आले होते, त्यांनी मान खाली घातली. लेक माझ्याकडे बघत होती. ती ताईंना काय म्हणते यापेक्षा मी काय म्हणते, याचीच ती वाट बघत होती, हे मला कळलं.

"ताई, वर खोटा कागद चिकटवायचा उद्योग या घरात एकदा झालाय," मी म्हणाले. "तो मी केला. तेवढा बस झाला. शर्ट हाच जाणार."

"हा? हा चिंधीचा?"

"हाच."

ताई नाक मुरडून चहा न घेताच गेल्या. गेल्या तर गेल्या, चहा वाचला.

मी स्टुलावर चढून कपाटावरची पत्र्याची पेटी काढली. आत मला शिवण शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचं दुकान बंद करताना मला दिलेली बारा रिळं, खरीखुरी नवी. अकरा वर्षं चांगल्या कामासाठी राखून ठेवलेली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी एकाचा दोरा काढला, बोटांना गुंडाळून झटका दिला.

तुटला. दुसऱ्याचाही तुटला. तिसऱ्याचा तर नुसता हात लावला आणि गेला. छपराच्या पत्र्याखाली अकरा उन्हाळे तापून सगळा दोरा कुजला होता. मी राखला, राखला आणि राखून राखून मारला. खाली बसून मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू. हे गडबडून पाणी घेऊन आले आणि लेक शेजारी येऊन बसली.

मग मी तोंड धुतलं आणि कोपऱ्यावरच्या शिवणसामानाच्या दुकानात गेले. त्या दुकानात मी फुकटची खोकी मागायला जाते, एवढीच माझी ओळख.

"खोकी संपली, मावशी," दुकानदार म्हणाला.

"दोरा दे. पांढरा. तुझ्याकडचा सगळ्यात चांगला."

"तुमच्याकडे तर असेल की!"

मागे दोन बायका उभ्या होत्या, गल्लीतल्याच. माझे कान तापले. "नाही," मी म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले, कारण त्या ऐकतच होत्या, तर नीट ऐकू देत. "माझ्याकडे नाही. द्यायचा तर दे, नाहीतर तोंड मिट."

त्याने दिला. मी तिथेच दोन वार दोरा काढून तोडायचा प्रयत्न केला. बोटाला चीर पडली, दोरा नाही तुटला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

घरी आल्यावर आम्ही कामाला लागलो. शर्ट सगळा उसवायचा, कापडाला धक्का न लावता, आणि त्याच भोकांतून परत टीप घालायची. उसवण्यात माझा हात धरणारं या गावात कुणी नाही. लोकांना शिवता येतं, मला उसवता येतं. उसवलेला दोराही आंधळेपणाने राखत बसले ही माझी चूक, पण हात तर हात आहेत. कफ, कॉलर, खांदे, सगळं मी मोकळं करून देत गेले आणि लेक शिवत गेली. मी एकही टाका घातला नाही. अट अटच होती. अंधार पडायच्या आत शर्टाला इस्त्री झाली. बटणं बिस्किटांच्या डब्यातलीच. ती काय कुजत नाहीत.

सकाळी मी लेकीबरोबर गेले. कारखान्यात लांबच लांब टेबलं, मशीनांचा घरघराट, जमिनीवर दोऱ्यांचा आणि कातरणांचा खच. नमुन्यांचे मास्तर चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांनी शर्ट उलटा केला, शिवणी बघितल्या.

"कालचंच कापड?"

"कालचंच," लेक म्हणाली. "दोरा नवीन आहे."

"जुनी चादर आहे ही."

"हो. लॉजची."

टेबलांवरच्या पोरींत परत हशा पिकला. लेक लाल झाली, पण मान तिने वरच ठेवली. मास्तरांनी मुंढ्यात अंगठे घातले.

"थांबा," ती म्हणाली. "आईला ओढू द्या."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मीही लेकीकडे बघायला लागले. ही मला शिक्षा देत होती की मान, मला कळेना. मग वाटलं, दोन्ही देत असेल, तिचा हक्क आहे.

मी शर्ट घेतला. उभ्या आयुष्यात मी फाटलेलं जोडलं, विरलेलं वाचवलं, चिंधीसुद्धा हाताने फाडली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी फाडायला जोर लावला. पाय रोवून, दात ओठ खाऊन, दोन्ही अंगठे आत घालून ओढलं. कापड ताणलं, करकरलं. शिवण तसूभर हलली नाही. दुसरी बाही ओढली. कॉलर ओढली. घाम फुटला मला. हसणाऱ्या पोरी केव्हाच गप्प झाल्या होत्या.

"झालं?" मास्तर म्हणाले.

"माझं झालं. आता तुमच्या ढिगातला एक द्या. तोही ओढून बघते."

मास्तरांनी दिला नाही. शहाणा माणूस. त्यांनी खिडकीजवळच्या मशीनचं स्टूल पायाने मागे सरकवलं आणि लेकीला म्हणाले, "बस."

ती बसली. मी निघाले, आणि दारापर्यंत गेल्यावर राहवलं नाही. वाकून जमिनीवरचे लांब लांब दोरे मूठभर उचलले. लेकीने बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. बघू देत. कच्च्या टाक्यांना ते उत्तम चालतात.

घरी येऊन रिकाम्या रिळावर नीट गुंडाळले. 'अस्सल मजबूत'चा गोल कागद खरवडून काढला आणि कोऱ्या कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहून चिकटवलं, 'जुना'.